घरात नसलेली सून

१

"पत्नी सदर पत्त्यावर राहत नाही. घरात तिचे कपडे किंवा सामान आढळले नाही. पती-पत्नीचा एकही फोटो आढळला नाही. सून कुठे आहे हे सासूला सांगता आले नाही. हा विवाह केवळ भारतात राहता यावे म्हणून दाखवला असण्याची शक्यता आहे."

मूळ हिंदीतला तो मजकूर मी मोबाइलवर बघून मराठीत मोठ्यानं वाचला आणि मध्येच थांबले. मी सौसरला, माझ्या माहेरच्या बैठकीत उभी होते. माझं बाळ, पिल्लू, कडेवर. समोरच्या भिंतीवर माझ्या भावाच्या लग्नाचा हातभर फोटो टांगलेला. पांढऱ्या साडीतली नदीशा, पांढऱ्या सदऱ्यातला प्रफुल्ल, मागे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. आणि जी या पत्त्यावर राहत नाही ती, फोटोच्या खाली, स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून उभी होती.

"ताई, पुढं काय लिवलं हाये?" तिनं विचारलं.

मी मोबाइल पालथा धरला.

नदीशा श्रीलंकेची. बोधगयेला तिच्या मावशीबरोबर आली होती, आमच्या विहाराची मंडळी घेऊन प्रफुल्ल तिथे गेला होता. मग वर्षभर फोन. मग ती इथे आली आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास लग्न झालं, विहारातही आणि सरकारी नोंदणीनंही. तिच्या घरचं कुणी येऊ शकलं नाही, म्हणून मुलीची आई म्हणून आमच्या आईची लहानपणची मैत्रीण, तिगावची जयवंतामावशी उभी राहिली. पाठवणीच्या वेळी ती खरीखुरी रडली होती.

ती आली तो व्हिसा फिरायला येणाऱ्यांचा. लग्न झालं म्हणून इथेच राहायची परवानगी मिळावी असा अर्ज आम्ही केला. सगळे कागद जोडले. उरलं होतं ते एवढंच, की पोलीस घरी येऊन बघणार, नवरा-बायको खरंच एकत्र राहतात का. त्या बघण्याचा निकाल हा असा आला होता.

"जमादार प्रवीणभाऊ घरी आलाच नसन," प्रफुल्ल म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ठाण्यात बसून लिहून टाकलं. फोटो नाही म्हणते. आंधळा हाये का तो? डोक्यावर टांगला हाये फोटो."

"आई कुठे आहे?"

"विहारात. वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू हाये ना."

खाली शेवटी लिहिलं होतं: काही म्हणणं असेल तर शुक्रवारपर्यंत द्यावं, नाहीतर अर्जदार महिलेनं देश सोडण्याची तयारी करावी. मी पांढुर्ण्याच्या कोर्टात वकिली करते. म्हणजे करत होते. पिल्लू झाल्यापासून काळा कोट कपाटातच आहे. पण एवढं तर कोट न घालताही कळत होतं. शुक्रवारपर्यंत हे खोटं ठरवता आलं नाही तर ही मुलगी जाईल आणि परत कधी येईल ते कुणी सांगू शकणार नाही.

मी चहा तसाच ठेवला आणि ठाण्याकडे निघाले.

२

प्रवीण जमादारानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि रागावला नाही. दुखावला.

"मोनालीताई, तुमी वकील, मी जमादार. पण रविवारी विहारात आपण एकाच सतरंजीवर बसणारे लोक. त्या लग्नात मी जेवलो. बायको माही, छाया, महिला मंडळात तुमच्या आईच्या, मालतीकाकूच्या हाताखाली हाये. मले हौस होती काय असं लिहायची?"

"मग फोटो नाही असं का लिहिलं? फोटो भिंतीवर आहे."

"आज असन. मी गेलो तवा नव्हता." त्यानं टेबलावर बोटानं चौकोन काढला. "खिळा होता. खिळ्याखाली भिंत एवढी चौकोनी, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरी. मीबी चमकलो. म्हटलं, फोटो काऊन काढला?"

मी पिल्लूला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. असा चौकोन कुणी ठाण्यात बसून कल्पनेनं लिहीत नाही.

"सगळं सांगा, प्रवीणभाऊ."

"जुलैच्या मधात गेलो. प्रफुल्ल नव्हता."

"कंपनीनं ट्रेनिंगला गुजरातला पाठवलं होतं त्याला."

"ते ठीक. पण सूनबी नाही. दोरीवर साड्या फक्त काकूच्या. कपाटात तिचं काही नाही, बॅग नाही, चप्पल नाही. मी इचारलं, वहिनी कुठी? काकू म्हणे, बाजारात गेली. मी म्हटलं, बसतो. लय वेळ बसलो. काकूनं पाणी देल्लं, चहा देल्ला, मंग पुन्हा पाणी देल्लं. कोणी आलंच नाही. शेवटी इचारलं, काकू, खरं सांगा. तं मान खाली घालून म्हणे, मले माहीत नाही कुठी गेली. ज्या बाईले मी भर सभेत बोलताना पाह्यलं, तिची मान अशी खाली मी कधी नाही पाह्यली. शेजारी इचारलं, थेबी म्हणे, लय दिवसाची दिसली नाही. मंग मी काय लिहू?"

"आणि आता?"

"खरं काय ते आणा. मी स्वतः जाऊन पुन्हा पाहीन, पुन्हा लिहीन. पण ताई, सजवलेलं नका आणू. माही नोकरी जाईन अन् तुमची भावजयबी जाईन."

बाहेर पडले तेव्हा ऊन कडक होतं. मी खोटा रिपोर्ट शोधायला आले होते. रिपोर्ट खरा होता.

३

नदीशा मागच्या अंगणात तांदूळ निवडत होती. मी पिल्लूला तिच्या मांडीत दिलं. बाळ मांडीवर असलं की माणसाला खोटं बोलणं जड जातं, असा माझा समज होता.

"जुलैमध्ये तू कुठे होतीस?"

"इथंच होती, ताई." मराठी ती आधी वर्षभर प्रफुल्लच्या फोनवर आणि मग आमच्या गल्लीत शिकलेली, म्हणून बोलते आमच्यासारखीच. फक्त सूर वेगळा, शेवटाला जरा वर जाणारा. "आईसंग."

"पोलीस आले तेव्हा?"

"मी… बाजारात गेली होती."

"बॅग घेऊन? सगळ्या साड्या घेऊन?"

ती पिल्लूच्या टोपड्याची नाडी बांधत राहिली. बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. आणि तेव्हा मला तिच्या डाव्या हाताच्या बोटावरची खूण दिसली. तर्जनीवर आडवी, जराशी वाकडी, भरून आलेली पण अजून गुलाबी.

"हे काय झालं?"

"भाजी कापताना."

लग्नात मेंदी लावली तेव्हा हा हात मी माझ्या हातात धरला होता. ही खूण नव्हती. आणि भाजीच्या चाकूची खूण अशी होत नाही. आमच्याकडे अर्ध्या बायांच्या डाव्या हाताला ती असते. निंदताना तणाची मूठ डाव्या हातात असते, विळा उजव्या हातात, आणि नवीन हात असला की विळा तणाऐवजी बोटावर येतो. आमच्या घराला वावर नाही. एक गुंठाही नाही. मग या मुलीनं कुणाचं वावर निंदलं?

"मंग कुठी होती?"

मी वळून पाहिलं. प्रफुल्ल दारात उभा होता. किती वेळ होता कोण जाणे.

"मी रोज फोन करत होतो," तो तिला म्हणाला. "व्हिडिओ कर म्हटलं की नेटवर्क नाही म्हणायची. रोज नेटवर्क नाही? आपल्या घरात? सांग ना. कुठी होती?"

तिनं पुन्हा टोपड्याची नाडी बांधायला घेतली.

"ताई, हे आपण रिपोर्ट खोटा ठरवून राह्यलो," तो माझ्याकडे वळून म्हणाला. आवाज हळू होता आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "अन् बरोबरच असन तं? इथं राहायले भेटावं म्हणूनच लग्न केलं असन तं?"

पिल्लू रडायला लागलं. नदीशानं त्याला छातीशी धरलं, तिचे डोळे भरून आले. तिनं फक्त एकदा समोरच्या दाराकडे पाहिलं. विहारातून आई त्याच दारानं येते.

४

शेजारच्या स्मितावहिनीचं आणि आईचं होळीपासून बोलणं नाही. नालीच्या पाण्यावरून. पोलिसाला उत्तर देणारी शेजारीण तीच, हे वेगळं सांगायला नको होतं.

"मी खोटं काऊन बोलू?" मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली. "तुमच्या आईशी भांडण हाये, त्या पोरीशी नाही. थे पोरगी तं मले वयनी म्हणते, वाटी घेऊन येते अन् भरून नेते. पोलिसानं इचारलं दिसते काय, म्या म्हटलं नाही दिसत. गलत सांगतलं काय?"

"कधी गेली ते बघितलं?"

"गेली ते नाही पाह्यलं. आली ते पाह्यलं. सकाळी सडा टाकत होती मी. आदल्या सांजच्याला घरचे सारे दिवे घासून पुजले होते, राखेनं बोटं काळीच होती अजून. ऑटोतून उतरली. बॅग, पिशवी, अन् रंग असा रापलेला की म्हटलं हे कोण. तुमची आई आधीच दारात उभी." स्मितावहिनीनं आवाज खाली आणला. "अन् सांगू काय? अशी पाहून राह्यली होती त्या पोरीच्या तोंडाकडं, जसं पहिल्यांदाच पाहून राह्यली. गालावरून हात फिरवला. दोनी हातांनी. मले वाटलं पोरगी रुसून गेलती, अन् सासूनं बोलावून घेतली. म्हटलं आपल्याले काय करा लागते."

तिथून मी बसस्टँडजवळ तुषारच्या दुकानात गेले. तुषार माझा चुलतभाऊ, ऑनलाइन अर्ज भरून देतो. नदीशाचा अर्जही त्यानंच भरला होता. पत्ता चुकला, नाव चुकलं, काहीतरी त्याच्या हातून झालं असेल अशी माझी शेवटची आशा होती.

"माह्याकडून काही चुकलं नाही, ताई. उलट मी मालतीकाकूले दोनदा सांगतलं. पोलीस कधीबी येतील, वहिनीले घरून हलू देऊ नका. एकटी असली तरी चालते, प्रफुल्ल नाही तरी चालते, पण थे घरी पाहिजे."

"आई काय म्हणाली?"

"म्हणे, पोलीस महिनाभर थांबत नाहीत काय?" तो हसला, मग माझा चेहरा बघून हसू आवरलं. "मले वाटलं मजाक करून राह्यली."

म्हणजे आईला ठाऊक होतं. पोलीस येणार हे ठाऊक होतं, सून घरात नसेल तर काय होईल हेही ठाऊक होतं. तरी सून घरात नव्हती. आणि भिंतीवरचा फोटो काढायला त्या घरात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतंच.

पिल्लूला भूक लागली होती. दुकानाच्या मागच्या बाकावर, फॉर्म भरणाऱ्यांकडे पाठ करून मी त्याला पाजलं. आईनं या लग्नाला आधी किती विरोध केला होता ते आठवत गेलं. "समुद्रापल्याडची पोरगी, तिच्या सुखदुःखाले कोण येईन," ती म्हणाली होती. मग मानली. मानली असं आम्हाला वाटलं.

पिल्लूनं माझ्या बोटाला घट्ट मूठ घातली होती. माझ्या आईनंच नदीशाला घराबाहेर काढायचा बेत केला, हे वाक्य मी मनात पूर्ण करून बघितलं.

५

पण ते वाक्य बसत नव्हतं.

सुनेला हाकलायचं असेल तर ती परत आली तेव्हा दारात उभं राहून गालावरून हात कोण फिरवतं? आणि फोटो. ज्याला राग असतो तो फोटो फाडतो, नाहीतर माळ्यावर टाकतो आणि विसरतो. इथे फोटो काढला होता, जपून ठेवला होता आणि पुन्हा त्याच खिळ्यावर लावला होता. कुणाला तरी तो फोटो काही काळ फक्त दिसायला नको होता.

घरी आल्यावर मी प्रफुल्लला एकच विचारलं. "तू गुजरातला असताना आई तुझ्याशी व्हिडिओवर बोलली?"

"बोलली ना. मी म्हटलं, नदीशालेबी याच कॉलमधी घेतो, तं झटकन बंदच करे. म्हणे, तिचं तिले बोल, मले नको दाखवू."

मले नको दाखवू.

दिवे घासून पुजतात ते दिव्याच्या अवसेला. नदीशा आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे श्रावणाच्या पहिल्या दिवशी. म्हणजे आखाड संपल्याबरोबर.

नवीन लग्न झालेल्या सुनेनं आणि सासूनं पहिल्या आखाडात एकमेकींचं तोंड पाहू नये, म्हणून सुनेला महिनाभर माहेरी पाठवतात. इकडे घरोघरी करतात. आमच्या घरी सोडून. माझ्या लग्नानंतर माझ्या सासूबाईंनी मला पाठवायचं नुसतं बोलून दाखवलं, तर आईनं सौसरहून पांढुर्ण्याला येऊन त्यांना ऐकवलं होतं, "बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा कायले घेतल्या आपण? पोरगी इथंच राहीन, तुमच्या डोळ्यासमोर." म्हणूनच ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. अख्ख्या सौसरात ज्या एका बाईवर मी हा संशय घेतला नसता, ती माझी आई होती.

आणि जिचं माहेर समुद्रापलीकडे, तिचं इथलं माहेर कुठलं? लग्नात जी आई म्हणून उभी राहिली तिचं घर. तिच्या घराला वावर आहे.

आई संध्याकाळ व्हायच्या आधीच आली. पांढरी साडी, काखेत ग्रंथाची पिशवी. तिनं पिल्लूकडे हात केले. मी म्हणाले, "आई, यंदा तिगावला जयवंतामावशीचं निंदण कुणी केलं?"

तिचे हात तसेच राहिले. स्वयंपाकघरात भांडं पडलं. नदीशाच्या हातून. प्रफुल्ल बाहेरून आत आला. आई खाली बसली, ग्रंथाची पिशवी मात्र जमिनीवर टेकू दिली नाही, मांडीवर ठेवली.

"मी मानत नाही," ती म्हणाली. "पण भेते."

"कशाला भ्यायचं, आई? तूच तर…"

"मीच. मालूम हाये मले." ती प्रफुल्लकडे बघत नव्हती. "माह्या पहिल्या आखाडात तुह्या आजोबानं मले माहेरी जाऊ देल्लं नाही. म्हणे, आपल्या घरी हे थोतांड चालत नाही. मलेबी अभिमान वाटला. अन् त्याच महिन्यात तुही आजी तापानं गेली. तापच होता. डॉक्टरनं सांगतलं. पण गल्लीतल्या बाया मले पाहून पदर सावरत. म्हणत, नवी सून आली अन् आखाडातच सासूले खाल्लं. कितीक वर्षं ऐकलं मी ते. मंडळ उभं केलं, भाषणं केली, पण ते बोलणं कानातून गेलं नाही."

"म्हणून तू मरशील असं वाटलं तुला?"

"मी मेली तं मेली. बीपी तं हायेच मले." तिनं पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "पण या पोरीले म्हटलं असतं ना. परदेशातून आली अन् सासूले खाल्लं. मले निदान माहेर होतं, चार दिवस जाऊन रडायले. हे कुठी गेली असती?"

मग मीच विचारलं, कारण शुक्रवार जवळ येत होता. "प्रवीणभाऊंना सांगायचं होतंस. माहेरी पाठवली म्हणायचं. बाकीचं नाही सांगितलं तरी चाललं असतं."

"माहेर कोणतं, कायले गेली, कधी येईन, इचारलं असतं. आखाडात माहेरी गेलेली सून, कोणाले समजत नाही? अन् तो कोण? छायाचा नवरा. छायाले मी भर मंडळात बोलली होती, तुह्या सासूले म्हण, लहान सुनेले आखाडात पाठवू नको. खाली मान घालून ऐकलं होतं तिनं. त्याच्यासमोर मी काय सांगू?" तिनं डोळे पुसले. "म्हटलं, पुन्हा येतील पोलीस. मले काय माहीत एकदाच पाहतात अन् लिहून टाकतात."

नदीशा दारात येऊन उभी राहिली होती. ओले हात तसेच. तिचा चेहरा मला अजून आठवतो, कारण त्या घरात त्या घटकेला सगळ्यात मोठा धक्का तिला बसला होता.

"ताई," तिनं विचारलं, "मंग हे धम्मात नाही हाये?"

"नाही गं."

"आखाड आमच्याकडे पवित्र महिना. आईनं म्हटलं, जा, कोणाले सांगू नको, नवऱ्यालेबी नाही. मले वाटलं, इकडच्या सुनांचं व्रत हाये, मौन ठेवायचं. मी माह्या अम्माले फोनवर सांगतलं. अम्मा लय खूश झाली. म्हणे, किती चांगलं घर भेटलं तुले."

प्रफुल्लला हसू आलं की रडू ते त्यालाही कळलं नसावं. तो तिच्याजवळ गेला आणि काहीतरी बोलायला लागला. तिनं ओला हात त्याच्या तोंडावर ठेवला.

६

शुक्रवारी ठाण्यात आम्ही सगळे होतो. तिगावहून जयवंतामावशी बस बदलत आली होती, हातात भाजीची पिशवी, जसं काही लेकीच्या घरी निघाली.

प्रवीण जमादारानं आधी नदीशाला विचारलं. काय सांगायचं ते आम्ही काल ठरवलं होतं. खरं तेच.

"जुलैमध्ये तुम्ही घरी का नव्हता?"

नदीशा सरळ बसली. "मले घरची आठवण येत होती. मीच निघून गेली. आईले सांगतलं नाही. फोटोबी मीच काढून नेला. आईले काहीच मालूम नव्हतं."

हे बोलून ती स्वतःच्याच हातानं स्वतःला घराबाहेर काढत होती. सासूला न सांगता महिनाभर गेलेली बायको. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं त्याला हा पुरावाच होता. मी तिचा हात दाबला. ती माझ्याकडे बघेना. प्रवीण जमादार लिहायला लागला.

"नको लिहू," आई म्हणाली.

त्यानं मान वर केली.

"खोटं बोलून राह्यली थे. माह्यासाठी." आई उठून उभी राहिली. ठाण्यात उभं राहायची गरज नव्हती, पण ती सभेत उभी राहते तशी उभी राहिली, पदर सावरून. "मी पाठवली. पहिला आखाड म्हणून पाठवली. तिचं तोंड दिसू नये म्हणून फोटो मीच काढला, चादरीत गुंडाळून पेटीत ठेवला. तुले खोटं सांगतलं, बाजारात गेली म्हणून. मी, मालती, महिला मंडळाची अध्यक्ष. हे सारं लिही. माहं नाव वरतीच लिही."

खोलीत दुसऱ्या टेबलावरचा शिपाईही थांबला होता.

"काकू," प्रवीण जमादार हळूच म्हणाला, "तुमीबी?"

"मीबी."

त्यानं पेन टेबलावर ठेवला आणि कपाळ चोळलं. "आमच्या घरी लहान भावाची बायको मागच्या आखाडात महिनाभर गेली होती. मावशी आजारी हाये म्हणे. छायानंच मले सांगतलं. ती मावशी मले श्रावणात नागपूरच्या बाजारात भेटली. चांगली ठणठणीत. मी म्हटलं, लवकर बरी झाली."

जयवंतामावशीला हसू आवरेना. पदरात तोंड घालून ती हसली, आणि मग साक्ष द्यायच्या आधीच साक्ष दिली. "पोरगी माह्याकडं होती बाप्पा. पहिल्या दिवशी बोट कापलं, दुसऱ्या दिवशी मले म्हणे, विळा द्या. कापसाच्या निंदणाची पात धरली की सोडेना. रोज सांजच्याला नवऱ्याचा फोन, अन् फोन ठेवला की रडे. याले लग्न नाही म्हणता तं कायले म्हणता?"

प्रवीण जमादारानं लिहिलेला कागद टराटरा फाडला आणि नवा घेतला.

"संध्याकाळी घरी येतो," तो म्हणाला. "पुन्हा पाहतो. सगळे घरी राहा."

तो आला. साड्या पाहिल्या, बॅग पाहिली, फोटो पाहिला. शेजारी स्मितावहिनीला बोलावलं; ती नालीचं भांडण विसरून आमच्याच बैठकीत येऊन बसली आणि पोरगी आपल्या घरून किती वेळा साखर नेते ते सांगितलं. मग त्यानं नदीशाला विचारलं, तसं विचारावंच लागतं म्हणून.

"तुम्ही पतीसोबत राहता?"

"नाही," नदीशा म्हणाली.

प्रवीण जमादाराचा पेन कागदावरच थांबला.

"मी आईसंग राहते," ती म्हणाली. "हा तं कधी कंपनीत, कधी गुजरातले. आई रोज राहते."

प्रफुल्लनं डोक्याला हात लावला. प्रवीण जमादार हसत हसत लिहू लागला, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागला: पती, पत्नी व सासू एकाच घरात एकत्र राहतात.

परवानगी आली तेव्हा मी पांढुर्ण्याला होते. प्रफुल्लनं फोनवर सांगितलं. तुषारच्या मोबाइलवर निरोप आला, आणि त्या वेळी आई विहारात बायांसमोर उभी राहून स्वतःचा आखाड सांगत होती. तो तिचा तिसरा रविवार होता. पहिल्या रविवारी ती एकटीच बोलली, दुसऱ्या रविवारी छाया उठली, आणि आता बायांना बोलायला वेळ पुरत नव्हता. नदीशा अनवाणी पळत गेली. सतरंजीवर बसलेल्या बायांमधून वाट काढत आईपर्यंत पोहोचली आणि तिच्या कानात सांगितलं.

आई सभेत कधी अडखळत नाही. त्या दिवशी तिला पुढचं वाक्य सापडलं नाही म्हणे. तिनं सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्या बायांसमोर, कितीतरी वेळ, पाहत राहिली.